बंदुकीत बेअरिंगचे छर्रे : या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात गावी गेलो, तेव्हा काकांनी कपाटातून दुनळी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. "बघ रे, हल्ली बार सरळ जाणा नाय." बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री केली, नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, सुतळीने पडवीच्या वाशाला टांगल्या आणि बोटाच्या पेराने हलकेच टकटक केलं. धड असलेल्या जोडनळ्या अशा वेळी घंटेसारख्या वाजतात आणि नाद थोडा वेळ रेंगाळतो. या नळ्यांतून आला तो बद्द आवाज. बाजारात मडकं घेताना टिचकी मारल्यावर तडा गेलेलं मडकं जसं बोलतं, अगदी तसा.

मग नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून आतून पाहिलं. चांगल्या नळीत उजेडाची वर्तुळं एकात एक, सरळ मागे जात दिसतात. इथे तोंडापासून चारेक बोटं आत एक काळसर कडं उमटलं होतं. त्याच जागी बाहेरून अंगठा फिरवला तर लागलं, नळीला बारीकशी फुगवटी आलेली. काका आधी काही बोलेनात. दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं : हंगामात काडतुसं संपली होती, शेजारच्या गावातल्या एकाने सायकलचे छर्रे भरून दिली, तसले दहा-पंधरा बार झाले.

मी पंचवीस वर्षं टूलरूममध्ये काढली. बेअरिंगची गोळी म्हणजे काय चीज आहे हे मला रोज हाताळून माहीत आहे, आणि घरात पीक संरक्षणाची बंदूक असल्याने बार म्हणजे काय हेही लहानपणापासून माहीत आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते गावागावांत सांगायला हवं असं त्या दिवशी वाटलं. काकांची सगळी बोटं, दोन्ही डोळे शाबूत आहेत, हे मी नशीब समजतो.

चूक पहिली : "छर्रा तो छर्रा"

घोळ आपल्या भाषेतूनच सुरू होतो. काडतुसातला दाणा छर्रा आणि सायकलच्या हबमधली गोळीही छर्रा. दोन्ही गोल, दोन्ही चकचकीत, आकारही जवळपास सारखे. त्यामुळे सायकलच्या दुकानातला ग्रीसने माखलेला डबा पाहून कुणाच्याही मनात येतं, याला काय धाड भरली आहे?

घरच्या घरी पाहता येईल असा फरक सांगतो. शिशाचा छर्रा पकडीत धरून दाबा, चपटा होतो. बेअरिंगची गोळी तशीच दाबली तर गोळीला काही होत नाही, पकडीच्या दातांवर मात्र खूण उमटते. कानस घासून पाहा. शिशावर ती रुतते, गोळीवरून काचेवरून सटकावी तशी सटकते. (हातोडीखाली गोळी घेऊ नका. कडक पोलादाचं टवकं उडून डोळ्यात गेल्याचं मी कारखान्यात पाहिलं आहे.)

आकड्यांत सांगायचं तर चांगली बेअरिंगची गोळी ५२१०० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रोम पोलादाची असते. त्यात साधारण १ टक्का कार्बन आणि १.५ टक्का क्रोमियम असतं. पाणी देऊन तिचा कडकपणा रॉकवेल सी मापावर ६० च्या वर नेलेला असतो. सायकलच्या स्वस्त गोळ्या साध्या पोलादाच्या असतात, पण वरचा थर तितकाच कडक केलेला असतो. आधुनिक बंदुकीच्या नळीचं पोलाद याच मापावर २५ ते ३० च्या आसपास भरतं. आजोबा-पणजोबांच्या काळातल्या नळ्या त्याहूनही मऊ. म्हणजे नळीपेक्षा दुप्पट कडक वस्तू आपण तिच्यातून सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास वेगाने घासत नेतो. अशा वेळी झिजणार कोण, हे कुठल्याही टर्नरला विचारा.

शिसं निवडलं गेलं ते उगाच नाही. ते नळीपेक्षा मऊ, म्हणून नळीला ओरखडत नाही. जड, म्हणून लांबवर वेग टिकवतं. आणि दबलं की आकार बदलतं. हा तिसरा गुण सगळ्यात मोठा, पण तो चटकन डोळ्यात भरत नाही.

चूक दुसरी : चोकचा विचार न करणं

बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जितक्या जाडीची होईल तितका नळीचा व्यास, साधारण १८.५ मिलिमीटर. पण बहुतेक दुनळी बंदुकांत नळी तोंडाशी थोडी आवळलेली असते. तो चोक. फुल चोकमध्ये ही आवळणी जवळजवळ १ मिलिमीटरची असते, म्हणजे तोंडाशी वाट उरते १७.५ मिलिमीटरची.

आता ६ मिलिमीटरच्या गोळ्या घ्या. मधे एक आणि भोवती सहा, असं फूल केलं तर त्याचा व्यास होतो १८ मिलिमीटर. नळीत ते आरामात बसतं, चोकमधून मात्र जात नाही. शिशाचे छर्रे इथे एकमेकांना चेपतात, लांबट होतात, निसटून बाहेर पडतात. पोलादी गोळ्या चेपत नाहीत. त्या क्षणभर एकमेकींत अडकतात आणि मागून दाब येतच असतो. मग जे मऊ असेल ते वाकतं, आणि इथे मऊ असते नळी. काकांच्या बंदुकीतलं कडं नेमकं चोकच्या तोंडाशी होतं ते याचमुळे. दोन नळ्यांना जोडणारी पट्टी डाख (वितळवलेल्या धातूचा जोड) देऊन बसवलेली असते. नळी आतून फुगली की डाख सुटतो आणि टांगलेल्या नळ्या घंटेसारख्या वाजायच्या थांबतात.

नळीची भिंत किती जाड असते याची बहुतेकांना कल्पना नसते. मागे, काडतूस बसतं तिथे ती भक्कम असते. पुढे निमुळती होत जाते, आणि जुन्या हलक्या इंग्रजी दुनळ्यांत काही ठिकाणी पाऊण मिलिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही कमी भरते. तुमच्या पाकिटातल्या एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच असते. आणि त्या भिंतीवर धरलेला असतो तुमचा डावा हात.

चूक तिसरी : "अमेरिकेत तर पोलादीच छर्रे वापरतात"

हा युक्तिवाद मी सुशिक्षित माणसांकडून जास्त ऐकला आहे, म्हणून त्यावर थोडा वेळ थांबतो. गोष्ट अर्धी खरी आहे. तळ्यांत, दलदलीत पडलेले शिशाचे छर्रे बदकं खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. म्हणून अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छर्रे देशभर बंद केले. डेन्मार्कने १९९६ मध्ये सगळीकडेच, तर युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांत ही बंदी आणली. त्या जागी जे आलं त्याला बाजारात 'स्टील शॉट' म्हणतात.

पण तो 'स्टील शॉट' म्हणजे बेअरिंगची गोळी नव्हे. ते जवळजवळ शुद्ध मऊ लोखंड असतं, तापवून सावकाश निववलेलं, मुद्दाम नरम केलेलं. युरोपातल्या बंदुका-काडतुसांच्या तपासणीचे नियम ठरवणाऱ्या सी.आय.पी. या आंतरराष्ट्रीय मंडळाने त्याच्या पृष्ठभागाच्या कडकपणाला विकर्स मापावर ११० ची मर्यादा घातली आहे. बेअरिंगची गोळी त्याच मापावर ७०० च्या पुढे जाते. दोघांना एकच नाव म्हणून दोघे एक समजणं म्हणजे गुळाचा खडा आणि गारगोटी एक समजणं.

शिवाय तो मऊ छर्रासुद्धा तिकडे नुसता ओतून देत नाहीत. तो जाड प्लास्टिकच्या पेल्यात बसवलेला असतो, जेणेकरून छर्रा आणि नळी यांचा कुठेही स्पर्श होऊ नये. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या काडतुसांत नमद्याचं किंवा पुठ्ठ्याचं बूच असतं. ते छर्ऱ्यांच्या मागे राहतं, बाजूने संरक्षण काहीच देत नाही. पोलादी छर्ऱ्यांसाठी दारूही वेगळी, मोजून निवडलेली. युरोपात जास्त जोराची अशी काडतुसं ज्या बंदुकीतून मारायची, तिची जादा दाबाखाली वेगळी चाचणी होते आणि नळीवर लिलीच्या फुलाची खूण ठोकली जाते. एवढं करूनही सूचना असते की ४ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे पोलादी छर्रे हाफ चोकपेक्षा जास्त आवळलेल्या नळीतून मारू नयेत. जुन्या बारीक नळीच्या बंदुकांना तर पोलादी काडतूस वापरूच नका, असं तिथले बंदूक बनवणारे स्वतः सांगतात. अमेरिकेचा दाखला द्यायचा तर हा सगळा द्यायला हवा.

तुमच्या घरच्या नळीवर बारीक वळणावळणांची, लाकडाच्या नसांसारखी नक्षी दिसत असेल तर ती पट्ट्या पिळून, जोडून केलेली जुनी डमास्कस नळी असण्याची शक्यता आहे. ती काळ्या दारूच्या जमान्यातली. तिच्यातून पोलादी छर्रेच काय, आजचं साधं कारखान्याचं काडतूसही जाणकाराला दाखवल्याशिवाय मारू नका.

चूक चौथी : काडतूस उघडून आतला माल बदलणं

कारखान्यात काडतूस बनतं तेव्हा दारू, बूच, छर्रे आणि टोपी (बुडातली, ठोका बसताच पेटणारी) हे चारही एकमेकांशी जुळवलेले असतात. एक बदललं की बाकी तिघांचं गणित कोसळतं. शिशाची घनता ११.३४, पोलादाची ७.८५. म्हणजे तितकीच जागा व्यापणारं पोलाद वजनाला शिशाच्या जेमतेम ६९ टक्के. वजन जुळवायला जावं तर जागा पुरत नाही, आणि जागा जुळवली तर दारू ज्या वजनासाठी निवडली होती ते वजन राहत नाही. बार सुटतो त्या पहिल्या क्षणी शिशाचे दाणे एकमेकांत दबतात आणि धक्क्याचा काही भाग पचवतात. पोलादी गोळ्यांचा थर दबतच नाही. सगळा धक्का नळीवर, जोडावर आणि तुमच्या खांद्यावर येतो.

किती दाबाविषयी बोलतोय? बारा बोअरच्या साध्या काडतुसाला सी.आय.पी. ची कमाल मर्यादा ७४० बार आहे (इथे बार हे दाबाचं माप). मोटारीच्या टायरात दोन-अडीच बार हवा असते. या दोन आकड्यांतलं अंतर ध्यानात घ्या आणि मग ठरवा, अंदाजपंचे भरलेलं काडतूस आपल्या गालाजवळ धरायचं का. गावात "अमुक माणूस वर्षानुवर्षं भरतोय, काही झालं नाही" असं हमखास सांगतात. पण नळीचं नुकसान साठत जातं. दहाव्या बारापर्यंत काही दिसत नाही आणि अकराव्याला नळी उघडते. काकांचंही "काय झाला नाय" हेच म्हणणं होतं, नळीवर अंगठा फिरवून दाखवेपर्यंत.

खिळ्यांचे तुकडे, सळईची कापं, साखळीच्या कड्या हे तर आणखी वाईट. त्यांना धारा असतात.

चूक पाचवी : "पोलाद म्हणजे जास्त मार"

काकांना भरून देणाऱ्याने सांगितलं होतं, "डुकराक आरपार जातले." हे खोटं आहे. तेवढ्याच आकाराची पोलादी गोळी शिशापेक्षा हलकी, त्यामुळे हवेत वेग लवकर गमावते. लांबवर ती जाते ती कमी जोराने आणि जनावराला जखमी करून सोडते. रानडुक्कर जखमी होऊन जाळीत शिरलं की सकाळी त्या वाटेने काजू गोळा करायला जाणाऱ्या बाईवर ते धावून येतं. ज्यांनी जखमी डुक्कर जवळून पाहिलं आहे त्यांना याहून जास्त सांगायची गरज नाही.

चूक सहावी : समोर काय आहे ते न पाहणं

हा धोका मला सगळ्यात भयंकर वाटतो, कारण यात चूक एकाची आणि जखम दुसऱ्याची. शिशाचा छर्रा कातळावर आपटला की चपटा होतो, फुटतो, बराचसा जोर तिथेच संपतो. बेअरिंगची गोळी आकार बदलत नाही, म्हणून जोर राखून उसळी घेते. कॅरमची सोंगटी कडेला लागून परतते तशी, पण कुठल्या कोनात ते कुणी सांगू शकत नाही. आपल्या कोकणात तर पायाखाली जांभा, सड्यावर उघडा कातळ, शेताला दगडी गडगा, मळ्यात साचलेलं पाणी. तिरकस कोनातून गेलेली गोळी पाण्यावरूनही उसळते. चापाशी बोट असलेल्या माणसाकडेच ती परत आल्याचे प्रसंग घडतात, आणि बाजूला बॅटरी धरून उभा असलेला पोरगा तर कायमच धोक्यात.

पल्ल्याचाही अंदाज चुकतो. शिशाच्या ८ मिलिमीटरच्या गोल दाण्यासाठी जुना ठोकताळा लावला तर तो सहाशे मीटरच्या आसपास जाऊन पडू शकतो. पोलादी गोळी त्याहून अलीकडे पडेल, तरी काहीशे मीटर जाईलच. मधल्या वाडीतली घरं, रात्री राखणीला माळ्यावर बसलेला शेजारी, दुसऱ्या टोळीतली माणसं, हे सगळे त्या पल्ल्यात असतात. डुक्कर समजून माणसावर बार झाल्याची बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येते. त्यात उसळणाऱ्या गोळ्यांची भर आपण घालू नये.

आणखी एक. पोलाद कातळावर घासलं की ठिणगी पडते. मार्च-एप्रिलमध्ये सड्यावरचं गवत कसं वाळलेलं असतं ते आंबा-काजूवाल्यांना ठाऊक आहे. झाडात रुतलेली गोळीही पुढे कधीतरी करवतीच्या पात्याखाली येते आणि लाकूड कापणाऱ्याच्या तोंडावर पात्याचा दात उडतो.

ठासणीची बंदूक : धोका दुप्पट

ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायच्या बंदुकीत तर काडतुसाचं संरक्षण मुळातच नाही. दारू आणि छर्रे एकमेकांना चिकटून, घट्ट बसलेले असले पाहिजेत. बेअरिंगच्या गोळ्या गुळगुळीत आणि गोल, त्यामुळे चालता चालता नळी खाली झुकली की त्या वरचं बूच ढकलून पुढे सरकतात. दारू मागे, गोळ्या पुढे, मधे पोकळी. बार झाला की त्या गोळ्या पुढचा अडथळा बनतात आणि नळी अधेमधे, नेमकी हात असतो तिथे फाटते. बाहेरून पाहून पोकळी झालेली कळत नाही. ठासणीच्या कित्येक नळ्यांची कधी कुठे चाचणी झालेलीच नसते, आणि काही तर गावठी, पाण्याच्या पाइपाच्या. त्यांच्याबद्दल मी एवढंच म्हणेन की त्यांना हात लावू नका.

पावसाळ्याचाही विचार करा. ग्रीस पुसलेल्या उघड्या पोलादाला आपल्या हवेत आठवडाभरात गंज धरतो. गंजलेल्या गोळ्या एकमेकींना चिकटून ढेकूळ होतात आणि काडतुसातून छर्ऱ्यांऐवजी एकच गठ्ठा बाहेर पडू पाहतो. गेल्या वर्षी भरून ठेवलेलं आणि पागोळीच्या भिंतीला ठेवलेलं काडतूस म्हणूनच सगळ्यात धोक्याचं.

असे बार झाले असतील तर काय पाहावं

आधी बंदूक रिकामी. दोन्ही नळ्या, डोळ्यांनी आणि बोटाने. मग नळ्या सोडवा आणि उजेडाकडे धरा. आडवं काळसर कडं म्हणजे फुगवटी. लांबच लांब सरळ रेघा म्हणजे गोळ्यांनी ओढलेले ओरखडे. पुसून न जाणाऱ्या चंदेरी रेघा शिशाच्या असू शकतात, त्या साफसफाईत निघतात. ओरखडे निघत नाहीत. बाहेरून नळीच्या लांबीभर अंगठा सावकाश फिरवा, विशेषतः तोंडापासून पहिली वीतभर. दुनळी असेल तर टांगून वाजवून पाहा.

झालेल्या काडतुसाचं बूडही बोलतं. टोपी सपाट चेपलेली किंवा भोक पडलेली, पितळी बूड फुगलेलं, बार झाल्यावर बंदूक उघडायला जोर लागणं, काडतूस ओढून काढावं लागणं, खांद्याला नेहमीपेक्षा जास्त धक्का, या सगळ्या जादा दाबाच्या खुणा आहेत. एकही दिसली तर दुसरा बार करायचा नाही. "आणखी एक मारून बघू" हेच वाक्य घात करतं.

चाप ओढला आणि नुसतं "फुस्स" झालं, किंवा आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर थांबा. बूच किंवा गोळ्या नळीतच अडकलेल्या असू शकतात, आणि त्यामागे पुढचा बार म्हणजे नळी फुटलीच. काहीच झालं नाही, तर बंदूक लगेच उघडू नका. तोंड मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरून किमान मिनिटभर तशीच ठेवा, कारण टोपी उशिरा पेटल्याचं कधीकधी घडतं. मग उघडा, काडतूस काढा, नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहा. उजेड दिसत नसेल तर गज घालून ठोकत बसू नका. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे द्या. ठासणीची भरलेली बंदूक असेल तर तीही स्वतः उकरू नका. पोलीस ठाण्याला कळवा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे जाणकाराकडून रिकामी करून घ्या.

फुगवटी आलेली नळी ठोकून सरळ करून देणारे भेटतात. बाहेरून ती गुळगुळीत दिसते, आतलं पोलाद मात्र ताणून थकलेलं असतं. जाणकाराने भिंतीची जाडी मोजून सांगितल्याशिवाय अशी बंदूक वापरात आणू नका. काकांची नळी मोजायला दिली, तिथल्या माणसाने नुसती मान हलवली.

घरात अशी भरलेली काडतुसं शिल्लक असतील, कुणी भरली ते माहीत नसेल, तर ती फोडू नका, चुलीत टाकू नका, विहिरीत किंवा खाडीत फेकू नका. डब्यावर "वापरू नये" लिहून मुलांपासून दूर ठेवा आणि पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याला विचारून जमा करा. आधी फोन करा, मग घेऊन जा.

कुणाला लागलं तर

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, गोळी काढायचा प्रयत्न करू नका, १०८ ला फोन करा. डोळ्याला लागलं असेल तर डोळा दाबू नका, चोळू नका, वर वाटी किंवा कागदी पेला उपडा ठेवून तसंच न्या. आणि डॉक्टरांना एक गोष्ट स्पष्ट सांगा : आत गेलेली गोळी पोलादी आहे. शिशाला चुंबक ओढत नाही, पोलादाला ओढतो. एमआरआयच्या यंत्रात पोलादी गोळी शरीराच्या आत सरकू शकते, आणि ती डोळ्याजवळ किंवा मणक्याजवळ असेल तर नुकसान भयंकर होतं. शरीरात गोळी राहिली असेल तर हे पुढे आयुष्यभर प्रत्येक डॉक्टरला सांगावं लागतं. पोलीस केस होईल या भीतीने "पडलो, खिळा लागला" असं सांगणारी माणसं असतात. त्यांनी एकदा या यंत्राचा विचार करावा.

कायद्याची बाजू

तुमच्याकडे बंदुकीचा परवाना आहे म्हणजे काडतूस बनवायचा परवाना आहे असं होत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार विनापरवाना दारूगोळा बनवणं आणि विकणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली त्याला किमान ७ वर्षं, आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. काडतूस भरून देणारा शेजारी तुमच्यावर उपकार करत नसतो, तो तुम्हालाही सोबत ओढत असतो. दुसरी गोष्ट, पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. पिकाची नासधूस करणाऱ्या जनावराबद्दल काही करायचं तर कलम ११ खाली वन खात्याची परवानगी आधी हवी, नंतर नाही.

मग करायचं काय

अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. काडतुसं महाग, परवान्यावर ती ठराविकच मिळतात, दुकान तालुक्याला किंवा जिल्ह्याला. त्यात निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा, आणि नेमकं त्याच वेळी भात किंवा काजू हाताशी आलेला. डुकरांचा कळप एका रात्रीत कणगीभर भात लोळवतो, तेव्हा माणूस काहीही करायला तयार होतो. काका तसेच तयार झाले.

तरीही काडतूस दुकानातलंच घ्या. बारा बोअरची काडतुसं आपल्याकडे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. घेताना एक पाहून घ्या : तुमच्या नळीचं चेंबर (काडतूस बसतं ती मागची जागा) ६५ मिलिमीटरचं आहे की ७० चं. जुन्या बंदुकांवर हे बारीक अक्षरात कोरलेलं असतं, आणि ६५ च्या चेंबरमध्ये ७० चं काडतूस बसतं खरं, पण बार झाल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. हंगामाआधी दोन महिने परवाना पाहून काडतुसांची सोय करून ठेवली तर ऐनवेळी डबा शोधायची पाळी येत नाही.

नासधूस झालीच तर त्याच दिवशी फोटो काढा, वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या. नुकसानभरपाई मिळते. तिला हेलपाटे पडतात हे मान्य, पण अर्ज वेळेत नसेल तर हेलपाट्यांचीही सोय राहत नाही. आमच्या वाडीत तीन घरांनी मिळून सौर कुंपण घातलं आहे. त्याचा झटका जनावराला मागे लोटतो, मारत नाही. घरच्या मीटरमधून थेट वीज सोडलेली तार मात्र कधीही लावू नका. तिला माणसं चिकटून मरतात.

काकांनी नळ्या पुन्हा दस्त्याला जोडल्या नाहीत. उरलेली सात काडतुसं आम्ही दोघांनी बिस्किटाच्या डब्यात भरली, डब्यावर मी मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून ठाण्यात नेऊन दिली. हवालदाराने एक काडतूस कानाशी धरून हलवलं. आतून गोळ्यांचा खुळखुळ आवाज आला. त्याने ते पटकन टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "आणखी कुणाकुणाला भरून दिलीयेत त्याने?"